खोट्या इशाऱ्याचा खरा इतिहास : मेमरीची गळती, ती शोधणारी साधने आणि दोन सारख्या ओळी

१/
१३ मे २००८. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या सुरक्षा-चमूने एक सूचना प्रसिद्ध केली. तिचा आशय असा : सप्टेंबर २००६ पासून आमच्या प्रणालीवर तयार झालेल्या अनेक गुप्त किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या आहेत, त्या टाकून द्या आणि नव्या करा. असंख्य सर्व्हरांची कुलुपे एका दिवसात संशयास्पद ठरली. यामागे कुणी घुसखोर नव्हता. एका चांगल्या साधनाने दिलेला इशारा बंद व्हावा म्हणून एका प्रामाणिक माणसाने दोन ओळी काढल्या होत्या. आजचा थ्रेड अशा इशाऱ्यांच्या इतिहासाविषयी आहे.

२/
मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, संगणकशास्त्राची नव्हे. तरीही हा विषय मला परका वाटला नाही, आणि त्याचे कारण एका मराठी शब्दात आहे. ‘साधन’ म्हणजे हत्यार, उपकरण. आणि ‘साधन’ म्हणजे इतिहासलेखनाचा पुरावाही. राजवाड्यांनी १८९८ पासून जे खंड प्रसिद्ध केले, त्यांचे नावच ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’. साधन काय सांगते, यापेक्षा ते तसे का सांगते, हे आधी तपासावे, ही आमच्या अभ्यासक्रमातली पहिली शिकवण. पुढची सारी कहाणी या शिकवणीची आहे, फक्त कागदाच्या जागी मेमरी आहे.

३/
आधी गळती म्हणजे काय ते पाहू. प्रोग्रॅम चालताना त्याला संगणकाच्या मेमरीतील जागा लागते. १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवलेल्या ‘सी’ भाषेत ही जागा मागून घ्यावी लागते आणि काम झाल्यावर आठवणीने परत करावी लागते. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे आणि परत करावे, तसा हा व्यवहार. पुस्तक कोठे ठेवले याची चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. चिठ्ठी हरवली, तर पुस्तक वाचताही येत नाही आणि परतही करता येत नाही. प्रोग्रॅम संपेपर्यंत ती जागा अडून राहते. यालाच मेमरी लीक म्हणतात.

४/
यावर एक उपाय ‘सी’च्याही आधीचा होता. १९६० साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात बेवारस झालेली जागा यंत्रानेच शोधून पुन्हा वापरात आणण्याची पद्धत मांडली होती. पुढे तिला गार्बेज कलेक्शन असे नाव रूढ झाले. ‘सी’ने हा मार्ग घेतला नाही. तिने वेग आणि मोकळीक निवडली, आणि हिशेब माणसावर सोपवला. माणूस चुकला, तर ती चूक लगेच ओरडून सांगणारे कुणी नव्हते. गळती निःशब्द असते. प्रोग्रॅम चालत राहतो, उत्तरे बरोबर देत राहतो आणि आतून हळूहळू भरत जातो.

५/
या निःशब्दतेची किंमत लंडनने १९९२ मध्ये अनुभवली. तेथील रुग्णवाहिका सेवेने गाड्या पाठवण्यासाठी नवी संगणकप्रणाली आणली होती. २६ आणि २७ ऑक्टोबरला ती वेगळ्या कारणांनी कोलमडली, आणि काही काम पुन्हा माणसांच्या हाती गेले. ४ नोव्हेंबरला मात्र ती मध्यरात्रीनंतर मंदावत जाऊन ठप्पच झाली. फेब्रुवारी १९९३ मधील चौकशी अहवालाने कारण सांगितले : सुमारे तीन आठवड्यांपूर्वी प्रोग्रॅममध्ये राहून गेलेला एक तुकडा दर गाडी पाठवताना सर्व्हरची थोडी मेमरी अडवत होता आणि ती परत करत नव्हता. थेंब साचत गेले आणि एका रात्री जागा संपली. सेवेला पूर्णपणे कागद-पेन्सिलीवर परतावे लागले.

६/
योगायोग असा की त्याच वर्षीच्या जानेवारीत, एका तांत्रिक परिषदेत रीड हेस्टिंग्ज आणि बॉब जॉइस यांनी ‘प्युरिफाय’ या साधनावरचा निबंध सादर केला होता. हेच हेस्टिंग्ज पुढे १९९७ मध्ये नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक झाले. प्युरिफाय तयार प्रोग्रॅममध्येच आपली तपासणी पेरत असे. प्रोग्रॅम मेमरीला जेथे जेथे हात लावी, तेथे तेथे प्युरिफायची नजर असे. कुठे गळती झाली, कुठे परत केलेल्या जागेत पुन्हा लिहिले गेले, कुठे काहीही न भरलेली जागा वाचली गेली, हे ते दाखवी. निःशब्द चुकांना प्रथमच वाचा फुटू लागली.

७/
पण गळती ओळखायची कशी? येथे १९८८चा एक निबंध महत्त्वाचा ठरतो. हान्स बोम आणि मार्क वायझर यांनी ‘सी’सारख्या, असहकार करणाऱ्या भाषेतही बेवारस जागा शोधता येते, हे दाखवले. पद्धत अशी : प्रोग्रॅमच्या हाताशी असलेल्या जागांपासून निघायचे, तेथे सापडणारी प्रत्येक चिठ्ठी उघडायची, तिने दाखवलेल्या जागेत जायचे, तेथील चिठ्ठ्या उघडायच्या. जिथवर पोहोचता आले ते सारे जिवंत. जिथे कोणतीच वाट पोहोचत नाही ते बेवारस. हीच रीत गळती शोधण्यासाठीही वापरता येते.

८/
अडचण एकच, पण मुळाशी होती. मेमरीत सगळ्या संख्याच असतात. त्यांतली कोणती संख्या पत्ता आहे आणि कोणती कुणाचे वय वा वस्तूची किंमत आहे, हे ‘सी’ सांगत नाही. म्हणून साधन सावध गृहीतक धरते : पत्त्यासारखी दिसेल ती प्रत्येक संख्या पत्ताच. यातून एका बाजूची चूक होते. एखादी साधी संख्या योगायोगाने पत्त्यासारखी दिसते, आणि खरोखर गळालेली जागा ‘जिवंत’ म्हणून नोंदली जाते. गळती झाकली जाते. पण आपला विषय दुसऱ्या बाजूची चूक हा आहे : जागा सुरक्षित असताना साधनाने ‘गळती, गळती’ म्हणून हाक मारणे.

९/
खोट्या इशाऱ्याचे प्रमुख स्रोत तीन.
पहिला : वेषांतर केलेला पत्ता. काही प्रोग्रॅम जागा वाचवण्यासाठी पत्त्याच्याच काही अंकांत दुसरी माहिती कोंबतात किंवा पत्ता उलटसुलट करून ठेवतात. साधनाला तो ओळखू येत नाही.
दुसरा : मधला पत्ता. पुस्तकाच्या मुखपृष्ठाची नव्हे, चाळिसाव्या पानाची चिठ्ठी जपलेली असते. पुस्तक हाती आहे की नाही, याविषयी साधन साशंक होते.
तिसरा : मुद्दाम ठेवलेली जागा. प्रोग्रॅम संपताच सारी मेमरी प्रणालीकडे परत जाणारच आहे, म्हणून शेवटपर्यंत लागणारी जागा अनेक जण परत करतच नाहीत. शेवटच्या हिशेबात ती थकबाकी दिसते.

१०/
२००२ मध्ये ज्युलियन सीवर्ड यांनी ‘व्हॅलग्रिंड’ हे साधन मुक्तपणे उपलब्ध करून दिले. नाव नॉर्स पुराणकथांतले. व्हालहल्ला या वीरांच्या महालाच्या मुख्य द्वाराचे. प्युरिफाय विकत घ्यावे लागे. व्हॅलग्रिंड कोणताही विद्यार्थी आपल्या संगणकावर चालवू शकत होता. मुक्त प्रणालींच्या जगात ते झपाट्याने पसरले. त्यासोबत इशाऱ्यांचा पूरही आला. स्वतःचा प्रोग्रॅम शंभर ओळींचा असला, तरी त्याने वापरलेल्या ग्रंथिकांतील, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार संहितेतील, सर्व थकबाकी नवशिक्याच्या पदरात पडू लागली.

११/
व्हॅलग्रिंडचे उत्तर इतिहासकाराला आवडावे असे होते. त्याने ‘गळती’ आणि ‘गळती नाही’ असे दोनच निकाल दिले नाहीत. खात्रीच्या पायऱ्या केल्या. जिच्याकडे कोणतीच चिठ्ठी जात नाही ती ‘निश्चित हरवलेली’. जी केवळ हरवलेल्या जागेतूनच गाठता येते ती ‘अप्रत्यक्ष हरवलेली’. जिची फक्त मधली चिठ्ठी सापडते ती ‘बहुधा हरवलेली’. आणि जिची चिठ्ठी शेवटपर्यंत शाबूत आहे, पण जी परत केलेली नाही, ती ‘अजून पोहोचण्याजोगी’. अस्सल पत्र, नक्कल, बखर आणि ऐकीव वार्ता यांना आपण एकाच तराजूत तोलत नाही, तसेच हे.

१२/
तरीही खोटे इशारे उरतातच, आणि त्यांचे नुकसान वाया गेलेल्या तासांपुरते नसते. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. स्टॅनफर्डमधून उगम पावलेल्या कोव्हेरिटी या कंपनीच्या लोकांनी २०१० मध्ये आपला अनुभव लिहून ठेवला. त्यांचे साधन वेगळ्या जातीचे, प्रोग्रॅम न चालवता नुसती संहिता वाचून दोष शोधणारे. पण निरीक्षण सर्वांना लागू पडते : खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर गेले की लोक साधनाकडेच दुर्लक्ष करू लागतात, आणि खरे दोषही त्या गर्दीत हरवतात. लांडगा शेवटी खरा येतो, हे त्या गोष्टीतले विसरू नये असे वाक्य.

१३/
मग इशारा खोटा वाटला, तर काय करावे? वाटा तीन आहेत. साधन सुधारावे; इशारा ‘माहीत आहे’ अशी नोंद करून बाजूला ठेवावा; किंवा साधन गप्प बसेल असा प्रोग्रॅमच बदलावा. पहिली वाट अवघड, दुसरी कंटाळवाणी. तिसरी सर्वांत सोपी दिसते, कारण पडदा लगेच स्वच्छ होतो. डेबियनची कहाणी या तिसऱ्या वाटेची आहे. एक खुलासा आधीच करते : तो इशारा गळतीचा नव्हता, ‘काहीही न भरलेली जागा वापरली जात आहे’ असा होता. पण साधन तेच, आणि इशाऱ्याला उत्तर देण्याचा प्रश्नही तोच.

१४/
ओपनएसएसएल ही गुप्तलेखनाची ग्रंथिका. तिच्या पोटात यादृच्छिकतेचा एक साठा असतो. त्यातून निघणाऱ्या, कुणालाही ओळखता न येणाऱ्या संख्यांपासून किल्ल्या बनतात. साठा ढवळणारी एक ओळ संहितेत दोन ठिकाणी होती, आणि दोन्हीकडे ती अक्षरशः सारखी होती.
एका ठिकाणी ती बाहेरून आणलेली यादृच्छिक सामग्री साठ्यात मिसळत असे.
दुसऱ्या ठिकाणी ती मागणाऱ्याने दिलेल्या रिकाम्या भांड्याच्या तळाशी योगायोगाने जे काही असेल तेही मिसळून घेई. मिळाले तर बरे, न मिळाले तरी हानी नाही, असा तो मामला.

१५/
दुसऱ्या ओळीवर प्युरिफाय आक्षेप घेते, हे मूळ लेखकांना ठाऊक होते. तिथे तशी टीप होती, आणि साधन चालवताना ती ओळ वगळता यावी अशी सोयही. २००६ मध्ये डेबियनच्या देखभालकर्त्याला व्हॅलग्रिंडच्या इशाऱ्यांचा माग दोन्ही ओळींपर्यंत घेऊन गेला. त्याने मनमानी केली नाही. मे २००६ मध्ये त्याने ओपनएसएसएलच्या चर्चेत जाहीरपणे विचारले. दोष शोधण्यास मदत होत असेल तर काढायला हरकत नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. विचारणारा प्रत्यक्ष वितरणाविषयी बोलत होता, उत्तर देणारा तपासणीविषयी. दोघांच्या मनातला संदर्भ वेगळा असल्याचे कुणाच्या ध्यानात आले नाही.

१६/
दोन्ही ओळी गेल्या. १७ सप्टेंबर २००६ रोजी बदललेली आवृत्ती डेबियनच्या भांडारात दाखल झाली, आणि पुढे उबुंटूसारख्या डेबियनवर आधारलेल्या प्रणालींतही पोहोचली. इशारे थांबले. सारे पूर्ववत चालत होते. किल्ल्या बनत होत्या, कुलुपे लागत होती. पण साठ्यात आता बाहेरची सामग्री पडतच नव्हती. बदलणारी एकच गोष्ट उरली होती : चालू प्रक्रियेचा क्रमांक. त्या काळच्या लिनक्सवर तो साधारणतः ३२,७६८च्या पुढे जात नसे. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्लीसाठी, अवघे तेवढेच पर्याय. कुलूप मजबूत दिसत होते. किल्ल्यांचा जुडगा मात्र मोजता येण्याजोगा झाला होता.

१७/
सुमारे वीस महिने हे कुणाच्या लक्षात आले नाही. डेबियनचेच एक विकासक लुचियानो बेलो यांना ते आढळले, आणि १३ मे २००८ची सूचना निघाली. काही दिवसांतच शक्य असलेल्या किल्ल्यांचे संच कुणीतरी तयार करून सर्वांसमोर ठेवलेही. नवी दुरुस्त आवृत्ती बसवणे पुरेसे नव्हते. आधी बनलेली प्रत्येक किल्ली शोधून बदलायची होती. जुन्या किल्ल्या ओळखण्यासाठी काळ्या याद्या वाटाव्या लागल्या. एवढे करूनही २०१५ मध्ये गिटहबवरील काही खात्यांत त्या काळातल्या कमकुवत किल्ल्या वापरात असल्याचे आढळले आणि त्या रद्द कराव्या लागल्या. दोन ओळींची छाया नऊ वर्षे लांबली.

१८/
या प्रकरणाचा दोष बहुधा त्या एका देखभालकर्त्यावर टाकला जातो. मला तो निवाडा घाईचा वाटतो. त्याने साधन वापरले, इशारा वाचला, जाणकारांना विचारले. चूक झाली ती वेगळ्या जागी. एका ओळीविषयीचा इशारा निरुपद्रवी होता, यावरून सारखी दिसणारी दुसरी ओळही निरुपद्रवी मानली गेली. ‘इशारा खोटा आहे’ आणि ‘इशारा ज्याकडे बोट दाखवतो ती गोष्ट निरुपयोगी आहे’ ही दोन भिन्न विधाने आहेत. बखरीतली तारीख चुकली, म्हणून ती लढाईच झाली नाही असे ठरत नाही, तसेच हे.

१९/
उरलेल्या दोन वाटांचे काय झाले? साधने सुधारत गेली. प्रोग्रॅम संपताना मूळ ग्रंथिकेला तिची राखीव जागा परत करायला लावण्याची सोय व्हॅलग्रिंडमध्ये आहे. त्यामुळे तेवढी थकबाकी हिशेबातून जाते. २०१३च्या आवृत्तीत मधल्या पत्त्यांचे काही वैध नमुने ओळखण्याचे नियम आले. त्याच सुमारास गूगलच्या अभियंत्यांचे ‘लीकसॅनिटायझर’ पुढे आले. त्याने वेगळा कौल दिला : ज्याच्यापर्यंत चिठ्ठी पोहोचते, मग ती मधल्या पानाची का असेना, ते गळती नव्हेच. त्यामुळे खोटे इशारे घटले. त्याची किंमत अशी की चिठ्ठी शाबूत ठेवून विनाकारण वाढत जाणारी जागा त्याला दिसत नाही.

२०/
दुसरी वाट नोंदीची. व्हॅलग्रिंडला एक यादी देता येते : अमुक कार्यातून, अमुक मार्गाने आलेला इशारा दाखवू नकोस. यातली खरी खुबी अशी की प्रोग्रॅमला हात लागत नाही, आणि किती इशारे दाबले याचा आकडा अहवालाच्या शेवटी छापला जातोच. इशारा झाकला जातो, पुसला जात नाही. क्रोमियम या ब्राउझरच्या प्रकल्पाने तर अशा नोंदींना तक्रारीचा क्रमांक हेच नाव देण्याची रीत पाडली. नोंद दिसली की तिच्यामागची चर्चा शोधता येते. ‘हे गप्प का केले?’ या प्रश्नाचे उत्तर पुढच्या माणसासाठी राखलेले असते.

२१/
संगणकशास्त्र शिकणारे वाचक येथे पुष्कळ आहेत, म्हणून या इतिहासातून निघणारी चार कामे.
पहिले, आधी ‘निश्चित हरवलेली’ जागा पाहा. ‘अजून पोहोचण्याजोगी’ नंतर.
दुसरे, तेच काम दहा वेळा आणि हजार वेळा करून पाहा. आकडा कामासोबत वाढला तर गळती बहुधा खरी; तेवढाच राहिला तर ती बहुधा एकदाच घेऊन ठेवलेली जागा.
तिसरे, इशारा दाबायचा तर नेमका तोच मार्ग लिहा. सबंध ग्रंथिकेला माफी देऊ नका.
चौथे, नोंदीशेजारी कारण आणि तारीख लिहा, आणि ग्रंथिकेची नवी आवृत्ती आली की ती नोंद काढून पुन्हा तपासा.

२२/
लंडनमध्ये इशारा देणारे कुणी नव्हते आणि सेवा बंद पडली. डेबियनमध्ये इशारा देणारे साधन होते, आणि त्याला गप्प करताना कुलपांची ताकद गेली. या दोन घटनांमध्ये चौदा वर्षे आहेत, आणि तेवढ्या काळात साधनांची नजर कितीतरी तीक्ष्ण झाली. वाचणाऱ्याचे काम मात्र कमी झाले नाही. साधन आपल्याला दिसते तेवढेच सांगते. त्याचा अर्थ लावण्याची आणि तो का लावला हे लिहून ठेवण्याची जबाबदारी आपली. अभिलेखागारातला कागद असो की व्हॅलग्रिंडचा अहवाल, ‘हे खोटे आहे’ असे म्हणण्याआधी ते का खोटे आहे, हे एका वाक्यात लिहिता येते का, ते पाहावे. लिहिता येत नसेल, तर ती ओळ तूर्त राहू द्यावी.

थ्रेड समाप्त. तुमच्यापैकी कुणी अशा यादीत कारण न लिहिता नोंद टाकली असेल, तर आज जाऊन ते लिहावे, एवढीच विनंती.